केरोबाची झाकलेली केळ

बातमी आली तो दिवस रोजच्यासारखाच होता. केरोबा उठला, चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या. एक खाल्ली, एक झाकून ठेवली. मग ऊन अंगणात उतरलं तसा कोयता घेऊन केळ झाकायला बाहेर आला.

केरोबाचं गाव फार उत्तरेला होतं, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी. कधीकाळी एका राजाला घोंगड्या विणणारी माणसं हवी होती. त्यानं दक्षिणेतली वीस घरं उचलून तिकडं नेऊन वसवली. पुढं राजा गेला, त्याचं राज्यही गेलं. वीस घरं तेवढी राहिली.

येताना त्या माणसांनी माग आणले होते, देव आणले होते आणि केळीचे गड्डे आणले होते. केळीच्या खुंटांशिवाय त्यांची पूजा होत नसे आणि केळीच्या पानाशिवाय पंगत बसत नसे. पण तिथल्या थंडीत सगळे गड्डे पहिल्याच हिवाळ्यात कुजले. दोन वर्षं लोक लाकडाच्या ताटात जेवले आणि जेवताना एकमेकांची तोंडं चुकवत राहिले. मग पूर्वेकडच्या डोंगरातून एक बैरागी आला. त्याच्या झोळीत वेगळ्याच जातीच्या केळीचा गड्डा होता.

तो म्हणाला, "ही तुम्हाला खायला केळं देणार नाही. घड आलाच तर बोटाएवढा, आणि आत नुसत्या बिया. पण हिवाळ्यात हिला नीट झाकलंत, तर वरून मेली तरी खालून जगेल."

तेव्हापासून त्या गावात प्रत्येक दारात एक केळ होती.

ती झाकायची रीत ठरलेली होती. कार्तिकात पहिलं हिंव पडे आणि एका रात्रीत पानं उकडल्यासारखी काळी होत. मग पानं कापायची. खोड कंबरेच्या उंचीवर छाटायचं. भोवती चार मेखा ठोकून त्यांना लवचीक फोकांचं कुंपण विणायचं. आत कोरडा पेंढा आणि वाळका पाला दाबून भरायचा. पाणी आत जाऊ नये म्हणून वर झाडाच्या सालींचं टोपडं बसवायचं, आणि लोकरीच्या जाड दोरीनं सगळं आवळून बांधायचं. हे काम ज्याचं त्यानं करायचं.

उघडायची रीत मात्र वेगळी होती. आपली केळ आपण उघडायची नाही.

याला कारण होतं. फाल्गुनात तिथं चार-सहा दिवस फसवं ऊन पडे. ज्याची केळ असे त्याला दम निघत नसे. जगली की मेली, हे बघायला त्याचे हात शिवशिवत. तो पेंढा काढी, आतला कोवळा कोंब उन्हाला येई, आणि चैत्रात पुन्हा एकदा हिंव पडून तो कोंब जाई. पहिल्या काही वर्षांत अशा पुष्कळ केळी गेल्या. मग जाणत्यांनी ठरवलं, झाकणाऱ्यानं उघडायचं नाही, शेजाऱ्यानं उघडायचं. शेजाऱ्याला माया असते, पण घाई नसते. अक्रोडाची पालवी करंगळीच्या पेराएवढी झाली की शेजारी विळा घेऊन येई, दोरी कापी, पेंढा काढी. त्या बदल्यात केळीचं पहिलं मोठं पान त्याचं.

अशा दोन-दोन घरांच्या जोड्या लागलेल्या होत्या. त्यांना जोडघर म्हणत. केरोबाचं जोडघर त्याच्या धाकट्या भावाचं होतं. भावाचं नाव निंबाजी. दोघांच्या अंगणांमध्ये कंबरेएवढी दगडी भिंत होती. केरोबाची बायको मागंच वारली होती, मूलबाळ नव्हतं. निंबाजीलाही मूल नव्हतं. त्या घरात तो आणि त्याची बायको हौसा, एवढीच माणसं. बावीस वर्षं केरोबानं निंबाजीची केळ उघडली आणि निंबाजीनं केरोबाची.

त्या वर्षी आश्विनात निंबाजी घोंगड्या घेऊन खेचरांच्या तांड्याबरोबर खाली मैदानात गेला. जाताना तो भिंतीशी थांबला.

"दादा, हिंव पडलं की माझीही केळ झाकून टाक. ज्याची त्यानं झाकायची हे खरं, पण तुझा हात म्हणजे माझाच."

"जा तू. झाकतो."

"नुसतं झाकतो म्हणू नकोस. मागच्या खेपेला तुझ्या टोपड्यातून पाणी गळत होतं. म्हातारा झालास."

"म्हातारा मी, आणि चढ आला की गुडघे धरून चढतोस तू!"

निंबाजी हसला. "चैत्र संपायच्या आत येतो. तुझी उघडायची आहे ना."

एवढं बोलून तो गेला.

तर त्या दिवशी केरोबा आपली केळ झाकत होता. आधी आपली, मग भावाची, असा त्याचा बेत होता. पेंढ्याच्या दोन राशी त्यानं अंगणात करून ठेवल्या होत्या. पहिली रास भरून झाली होती. तो दोरीचा शेवटचा वेढा घालत होता, तेव्हा दौलत खेचरवाला फाटकाशी येऊन उभा राहिला. दौलत हा गावातला सगळ्यांत बडबड्या माणूस. आज तो बोलत नव्हता. त्याच्या हातात निंबाजीची घोंगडी होती.

"केरोबा," तो शेवटी म्हणाला, "नदीच्या उताराशी त्याला ताप भरला. तीन दिवस काढले त्यानं. आम्ही सगळे जवळ होतो. मग तिथंच... तिथंच सगळं केलं."

केरोबानं ऐकून घेतलं. त्याच्या हातात दोरीची दोन टोकं होती. त्यानं गाठ मारली, ओढून पाहिली, वर आणखी एक गाठ मारली. मग विचारलं, "तू जेवलास का?"

 दौलतनं घोंगडी भिंतीवर ठेवली आणि तो खाली मान घालून गेला.

केरोबानं घोंगडी उचलली. भिंतीला वळसा घालून तो हौसाकडं निघाला. निंबाजीची केळ वाटेतच होती. काळी पडलेली पानं खोडाला चिकटून लोंबत होती. ती त्यानं पाहिली आणि तो पुढं गेला.

पहिले दिवस सुतकाचे गेले. गाव येत-जात राहिलं. कुणी भाकरी आणली, कुणी दूध आणलं. केळ कुणाच्याच ध्यानात नव्हती. तेराव्यानंतर माणसं पांगली. चौदाव्या दिवशी केरोबा पेंढ्याच्या दुसऱ्या राशीपाशी गेला. त्यानं कवळ घातली, पण ती त्याच्यानं उचलवेना. पेंढा जड नव्हता. भावानं सांगितलेलं हे शेवटचं काम होतं. ते झालं की भावाचं सांगणं संपलं. उद्या करू, असं म्हणून तो घरात आला. असे चार दिवस त्यानं उद्यावर टाकले. पाचव्या दिवशी बर्फ पडू लागलं.

सात दिवस बर्फ थांबलं नाही. आठव्या दिवशी आभाळ उघडलं, तेव्हा निंबाजीची केळ अंगणात वाकून उभी होती. ऊन लागलं तसं तिच्या खोडातून पाणी गळू लागलं. ज्यानं जन्मभर केळी पाहिल्या, त्याला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. पेंढ्याची दुसरी रास बर्फाखाली तशीच पडून होती.

केरोबाचा माग खिडकीशी होता. खिडकीतून भिंत दिसे, भिंतीपलीकडं भावाचं अंगण दिसे. इतकी वर्षं विणता विणता तो मान वर करी, तेव्हा पलीकडून निंबाजीही मान वर करी. कधी जीभ काढून दाखवी. पन्नाशी आली तरी त्यानं ते सोडलं नव्हतं. त्या दिवशी केरोबानं माग सोडवला, एकट्यानं ओढत फिरवला आणि खिडकीकडं पाठ येईल असा पुन्हा मांडला. आता उजेड पाठीमागून येई. त्याची स्वतःचीच सावली विणीवर पडे आणि धागा नीट दिसत नसे. तरी त्यानं माग पुन्हा फिरवला नाही.

तो हिवाळा लांबला. घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि बाहेर जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. केरोबा विणत राही. भिंतीपलीकडून हौसाच्या जात्याचा आवाज येई. तो थांबला की याचा हात थांबे. तो सुरू झाला की याचा हात चाले. दोन घरांतलं बोलणं म्हणजे तेवढंच. सकाळी हौसा अंगणातलं बर्फ लोटायची, ते खरवडणं त्याला ऐकू येई. आपण जाऊन लोटून द्यावं, असं रोज त्याच्या मनात येई. पण तिथं जायचं म्हणजे त्या केळीवरून जायचं. तो जात नसे.

फाल्गुनातलं फसवं ऊन आलं आणि गेलं. चैत्रातलं शेवटचं हिंवही पडून गेलं. वैशाख लागला तशी अक्रोडाला पेराएवढी पालवी फुटली आणि गावात विळ्यांना धार लागली. ज्याची त्याची केळ ज्याच्या त्याच्या शेजाऱ्यानं उघडली. दारोदारी कोंब बघायला माणसं जमली.

"तुझ्या हातानं उघडली, म्हणून बघ कोंब वाकडा आलाय."

"मालकाच्या तोंडावर गेलाय तो. त्याला माझा हात काय करणार!"

अशी थट्टा चालली होती. केरोबाच्या दारात मात्र कुणी आलं नाही. त्याच्या दारात यायचा तो निंबाजी होता.

गाव वाईट नव्हतं. पण ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याच्या जोडघराचं काम आपण मध्येच कसं करायचं? कुणी म्हणालं, दुखवट्याचं घर आहे, वर्ष तरी होऊ दे. कुणी म्हणालं, त्यानं बोलावलं तर जाऊ. केरोबानं कुणाला बोलावलं नाही. भावाची केळ आपल्या हातून गेली, आता आपली जगावी असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं, असं त्याला वाटे. आपण होऊन उघडायला रीत आडवी येत होती, हे खरं. पण त्या रीतीआड बसणं त्याला बरं वाटत होतं, हेही तितकंच खरं.

वैशाख सरला. ज्येष्ठात डोंगरावरून भुरभुर पाऊस उतरू लागला. इतरांच्या केळी माणसाच्या खांद्याला लागल्या होत्या. केरोबाच्या अंगणात अजून ती पेंढ्याची बुजलेली आकृती उभी होती. तिचं टोपडं एका अंगाला कलंडलं होतं. पेंढ्यानं हिवाळाभर थंडी अडवली होती, तोच आता आतली वाफ अडवू लागला. त्याच्यावर भुईछत्र्या उगवल्या. अंगणात आंबूस वास येऊ लागला. जो पेंढा थंडीत जीव राखतो तोच उबाऱ्यात जीव घेतो, हे त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. आणखी आठ-दहा दिवस तसंच राहिलं असतं, तर गड्डाही सडला असता.

एका सकाळी केरोबा पाणवठ्यावर गेला. तिथं चार माणसं होती. दौलतही होता.

"काय केरोबा," दौलत म्हणाला, "केळ झोपलीय अजून, की तूच आत जाऊन बसलायस?"

माणसं हसली. मग त्यांचं हसणं आपोआपच थांबलं. केरोबानं हंडा खांद्यावर घेतला आणि तो वाटेला लागला.

"मी आपलं सहज बोललो हो," दौलत ओशाळून म्हणाला.

 केरोबाच्या मागं मात्र कुणी गेलं नाही.

हौसा पलीकडं धुणं धूत होती. तिनं पिळा खाली ठेवला.

"दौलतभाऊ, जेवढे पाय तुमच्या जिभेला आहेत तेवढे तुम्हाला असते, तर एव्हाना विळा घेऊन त्यांच्या दारात पोचला असता."

एवढं बोलून तिनं धुणं गोळा केलं आणि ती घरी गेली.

घरी येऊन तिनं आधी कुदळ घेतली. वैशाखापासून ती एक काम टाळत होती. निंबाजीच्या केळीपाशी जाऊन तिनं माती उकरली. कुदळीचं टोक लागलं तसा गड्डा लोण्यासारखा दबला. त्यात काही राहिलं नव्हतं. तिनं तो सगळा उपसला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. खड्डा बुजवला नाही. मग तिनं विळा घेतला. बाहेर भुरभुर होती, म्हणून निंबाजीची घोंगडी डोक्यावरून घेतली. आणि ती केरोबाकडं गेली. वळसा घालून गेली नाही. भिंतीवरूनच उतरली.

केरोबा मागावर बसला होता, खिडकीकडं पाठ करून. चाहूल लागली तरी तो वळला नाही.

"कोण?"

"मी, भाऊजी. केळ उघडायला आलेय."

त्याचा हात थांबला. "ते काम निंबाजीचं."

"ते त्या घराचं काम. घरात अजून मी आहे."

"राहू दे, हौसा. मेली असेल ती."

"मेली असेल तर मेलेली उघडू. पण बाहेर या. ते टोपडं एकटीच्यानं निघायचं नाही."

केरोबा बाहेर आला. घोंगडी पाहून उंबऱ्यातच थबकला. मग केळीपाशी आला. टोपड्याला हात घालायच्या आधी तो बोलला. गेले सात महिने जे घशाशी होतं ते बोलला.

"तुमची केळ मी झाकली नाही."

"माहीत आहे."

"त्यानं सांगितलं होतं मला. पेंढाही तयार होता."

"तेही माहीत आहे. मी रोज बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माग फिरवलात. पाठीशी काय बोलायचं, भाऊजी?"

 केरोबानं टोपड्याची एक बाजू धरली, तिनं दुसरी धरली, आणि दोघांनी ते दोरीखालून सरकवून उतरवलं. हौसानं दोरीला विळा लावला. निंबाजी गेल्याची बातमी आली त्या दिवशी मारलेल्या त्या दोन गाठी भिजून दगडासारख्या झाल्या होत्या. तिनं गाठी सोडवायचा खटाटोप केला नाही. दोरी खालून कापली.

कापता कापता ती म्हणाली, "आणि सगळं आपल्याच अंगावर घेऊ नका. पेंढा माझ्याही घरात होता. हात मलाही आहेत. पण मला वाटायचं, तुम्ही त्यांना कबूल केलंय, तर तुम्ही याल. आज याल, उद्या याल. दुसऱ्या कुणाची वाट बघायची उरली नव्हती. तुमची तेवढी होती. मी झाकली असती तर तीही संपली असती."

केरोबानं फक्त मान हलवली. हे त्याच्याइतकं गावात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

दोघं पेंढा काढू लागले. वरचा पेंढा काळा आणि चिकट झाला होता. आतला गरम लागत होता. मध्ये खोड होतं, पण हौसानं हात लावताच त्याचा वरचा भाग ओल्या फडक्यासारखा तिच्या हातात आला. पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. वास असा आला की दोघांनी तोंड फिरवलं.

"मेली," केरोबा म्हणाला.

"थांबा हो. तुम्हाला मारायची फार घाई. म्हणून तर मालकाला विचारायचं नाही अशी रीत केलीय."

ती गुडघ्यांवर बसली. विळ्यानं तिनं खोडाची एक चकती कापली. ती तपकिरी होती. तिनं ती टाकली आणि खाली दुसरी कापली. तीही तपकिरी होती. तिसरी, चौथी. प्रत्येक कापावर ती अंगठा दाबून पाही. अंगठा आत जाई. केरोबा उतरवलेलं टोपडं पुन्हा उचलून उभा होता. त्याला निघून जावंसं वाटत होतं, पण टोपडं धरलेले त्याचे हात मोकळे होत नव्हते. सहावी चकती कापली तेव्हा जमीन वीतभर खाली राहिली होती. सातव्या चकतीखाली कडेला तपकिरी वलय होतं आणि मधोमध रुपयाएवढा पांढरा भाग होता. आठवी चकती कापली. खालचा काप सगळा पांढरा निघाला. त्यावर पाण्याचे बारीक थेंब फुटले. हौसानं अंगठा दाबला. तो आत गेला नाही.

"इथं आहे," ती म्हणाली.

केरोबा खाली बसला. टोपडं त्याच्या मांडीवरच राहिलं. बराच वेळ तो उठला नाही. हौसानं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती सडका पेंढा पाटीत भरत राहिली, उकिरड्यावर टाकून येत राहिली. शेवटची पाटी टाकून आली तेव्हा तो उठून उभा होता आणि त्यानं तोंड धुतलं होतं.

"आता हिला पाणी घालू नका," ती म्हणाली. "खत घालू नका. रोज उठून बोटं लावून बघूही नका."

"मग मी करू काय?"

"माग फिरवा."

आणि ती भिंतीवरून परत गेली.

केरोबानं माग फिरवला. पुन्हा उजेड समोरून येऊ लागला. खिडकीतून भिंत दिसली, पलीकडचं अंगण दिसलं, अंगणातला उघडा खड्डा दिसला. त्यानं मान खाली घातली नाही. विणता विणता तो खड्ड्याकडं पाही. पहिले काही दिवस त्याला ते फार कठीण गेलं.

बाराव्या दिवशी पांढऱ्या कापाच्या मधोमध हिरवी सुरळी वर आली. बोटाएवढी होती. दुसऱ्या दिवशी ती दोन बोटं झाली. आषाढात बाजूनं दोन मुनवे, म्हणजे केळीची पिल्लं, जमीन फोडून निघाले. ते गुडघ्याला लागले तेव्हा केरोबानं त्यांतला एक मुळासकट सोडवला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि भिंतीपलीकडं गेला. हौसानं खड्ड्याशी आधीच राख आणि माती आणून ठेवली होती. दोघांनी तो मुनवा लावला. माती कुणी किती दाबायची यावर थोडी बोलाचाली झाली.

श्रावणाच्या शेवटी केरोबाच्या केळीला पहिलं मोठं पान आलं. म्हणण्यापुरतंच मोठं. उशिरा उघडलेली केळ, तिचं पान ते किती असणार! रीतीप्रमाणे ते उघडणाऱ्याचं होतं. केरोबानं ते कापून हौसाला दिलं. तिनं पान हातात घेऊन पाहिलं, मधल्या शिरेवरून ते उभं फाडलं आणि अर्धं भिंतीवरून त्याच्याकडं परत दिलं. भात तिच्याकडचा होता, पिठलं त्याच्याकडचं. दोघं आपापल्या अंगणात भिंतीला पाठ लावून बसले आणि जेवले. 

एक दिवस दौलत फाटकाशी घुटमळत आला. म्हणाला, "केरोबा, पुढच्या साली हौसावहिनींना त्रास नको. दोन्ही केळी मी उघडीन."

पलीकडून हौसा म्हणाली, "या की. पण तोंड घरी ठेवून या."

केरोबा हसला. निंबाजी गेल्यापासून त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. दौलतनं ते गावभर सांगितलं. पुढं गावानंही आपल्या रीतीत एक गोष्ट वाढवली. ज्याचं जोडघर रिकामं झालं, त्याची केळ अक्रोड फुटताच सगळ्यांत आधी उघडायची आणि त्याला विचारत बसायचं नाही.

कार्तिक पुन्हा आला. एका रात्रीत पानं काळी पडली. सकाळी केरोबा उठला, चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या. मग पेंढ्याच्या दोन राशी त्यानं केल्या आणि पहिली भिंतीपलीकडं नेली. या खेपेला त्यानं आधी हौसाच्या अंगणातली केळ झाकली. मेखा ठोकल्या, फोक विणले, पेंढा दाबला. टोपडं बसवून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली वाकून पाहिलं. गळत नव्हतं. त्यानं गाठ मारली. हौसानं ओढून पाहिली आणि मान हलवली. मग तो आपली केळ झाकायला परत आला.

हौसाच्या अंगणातली ती केळ केरोबाच्या केळीचा मुनवा होती. निंबाजीनं झाकायला सांगितलेली केळ ती नव्हे. ती झाकायची राहिली होती, आणि ती राहिलीच.

तात्पर्य: दुःख झाकून ठेवायला आपले दोन हात पुरतात, उघडायला दुसऱ्याचे लागतात, म्हणून ज्याचा उघडणारा गेला, त्याच्या दारी बोलावण्याची वाट न पाहता जावं.